कपाटाची किल्ली कुणाकडे?

(कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'वाय-फाय आणि माहितीची सुरक्षितता' असं छापलं आहे. ते वाचून मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारलं, "हे आपलं काम की कॉम्प्युटरवाल्या पोराचं?" तीन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ते कॉम्प्युटरवाल्या पोराचंच काम वाटायचं. समाजकार्याचा अभ्यासक्रम केला तेव्हा केस कशी लिहावी हे आम्हाला दोन वर्षं शिकवलं. लिहिलेली केस ठेवावी कशी, यावर एवढंच, की गोपनीयता पाळावी. ती पाळतात कशी हे मी केंद्रातल्या ताईंकडून शिकले. आमच्याकडे एक लोखंडी कपाट होतं. किल्ली ताईंच्या पर्समध्ये. देणगीदार येवो, नगरसेवक येवो, कुणी वार्ताहर येवो, ते कपाट उघडं दिसायचं नाही. संध्याकाळी निघताना टेबलावर एखादी फाईल राहिली तर दुसऱ्या दिवशी बोलणी ठरलेली.

मग कॉम्प्युटर आले. कपाटातल्या फायली हळूहळू त्यांत गेल्या. तीन टेबलांवर तीन कॉम्प्युटर, आणि वायरींचा गुंता नको म्हणून भिंतीवर वाय-फायचा डबा. कपाट अजून आहे. त्यात आता सतरंज्या आणि जुनी बॅनर असतात, आणि ताई सवयीने त्याला कुलूप लावतात. फायलींची किल्ली मात्र आम्ही वाटून टाकली होती, आणि वाटली हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

कसं लक्षात आलं ते सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण ते टाळलं तर बाकीचं बोलणं पोकळ होईल.

एक बाई आमच्याकडे येत होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा शिकलेला, चांगल्या नोकरीतला. मारहाण होती, पण त्याहून जास्त संशय आणि पाळत. दोघांची एकत्र बैठक ठरली. तो अर्धा तास आधीच आला, बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसला आणि आमच्या नव्या कार्यकर्तीला म्हणाला, "ऑफिसला एक मेल पाठवायची आहे, वाय-फायचा पासवर्ड देता का?" तिने दिला. का देणार नाही? आल्यागेल्याला पाणी विचारावं तसा आपण हल्ली पासवर्ड देतो. शिवाय आम्हीच तिला शिकवलं होतं की नवऱ्याशीही नीट बोलायचं, दारातच त्याला आरोपी ठरवायचं नाही.

त्याच्या पुढच्या बैठकीत तो एक वाक्य बोलला. ते वाक्य तिने फक्त माझ्यापाशी, दार लावून घेतल्यावर उच्चारलं होतं, आणि मी ते जसंच्या तसं तिच्या नोंदीत लिहिलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही सांगितलंत?" मी नाही म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? ती परत आली नाही. तिच्या मैत्रिणीकडून कळलं की ती सासरी गेली आहे.

हे झालं कसं, हे कळायला आम्हाला आणखी दोन आठवडे लागले. या विषयातली माहिती असलेली एक मैत्रीण आली. ती त्याच बाकावर बसली, तिने आपला लॅपटॉप आमच्या वाय-फायला जोडला आणि पाच मिनिटांत पडदा माझ्याकडे फिरवला. आमच्या तिन्ही कॉम्प्युटरांची नावं तिथे दिसत होती. एका नावावर टिचकी मारली तर 'केस फाईल' नावाचा फोल्डर उघडला, त्यात वर्षवार फोल्डर, त्यात बायकांची नावं. तिन्ही टेबलांवरून तो उघडता यावा म्हणून कुणीतरी 'शेअर' करून ठेवला होता. परवानगी कुणाला, या प्रश्नापुढे 'सर्वांना' असं निवडलं होतं. रोज पासवर्ड टाईप करायचा कंटाळा, म्हणून तोही बंद. 'सर्वांना' म्हणजे आम्हा तिघींना, असं आम्ही धरून चाललो होतो. यंत्राला तिघी कळत नाहीत. वाय-फायच्या आत जो आला तो 'सर्वां'त आला.

त्यानेच तो फोल्डर उघडला याचा पुरावा माझ्याकडे नाही. दुसरा मार्ग मात्र मला आजवर सापडलेला नाही. आणि आम्ही काय केलं? ज्या मुलीने पासवर्ड दिला तिला बोललो. सहा महिने काम करणाऱ्या मुलीला! फोल्डर तिने उघडा ठेवला नव्हता, पासवर्ड कुणाला द्यायचा नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात काही बिघडलं की सुनेला बोलतात, तसंच झालं हे. मी तिची नंतर माफी मागितली.

आता थोडं यंत्राबद्दल. वायरीने जोडलेल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला माणसाला निदान तुमच्या खोलीत यावं लागतं. वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्या भिंत पाहून थांबत नाहीत. आमच्या डब्याची लहर जिन्यात, खालच्या झेरॉक्सच्या दुकानात आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचते. मी स्वतः मोबाईल घेऊन फिरून पाहिलं. तुम्हीही पाहा. म्हणजे आपण एका अर्थाने ध्वनिक्षेपकावर बोलत असतो. इतरांना ते कळू नये याचा एकच उपाय, सांकेतिक भाषेत बोलणं. हे सांकेतिक करण्याचं काम तो डबा करतो, आणि पासवर्ड ही त्याची किल्ली.

या सांकेतिक भाषांच्याही पिढ्या आहेत. १९९७ साली वाय-फायचं तंत्र प्रमाणित झालं तेव्हाची पहिली भाषा डब्ल्यूईपी नावाची. ती कशी फोडता येते हे २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं. तरी लोक वापरत राहिले. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीत २००५ साली चोर शिरले ते मिनेसोटातल्या एका दुकानाच्या अशाच वाय-फायमधून. तिजोरीला हात न लावता त्यांनी ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक नेले, साडेचार कोटींहून अधिक. कंपनीने हे जाहीर केलं २००७ मध्ये. आज डब्ल्यूपीए-२ ही २००४ सालची आणि डब्ल्यूपीए-३ ही २०१८ सालची पद्धत वापरतात. डब्यात तिसरी असेल तर ती निवडा, नसेल तर दुसरी. डब्ल्यूईपी दिसलं किंवा 'ओपन' दिसलं, तर तो डबा आजच बंद करा. बाकी बारकाव्यांत मी जात नाही.

'ओपन' म्हणजे काय होतं, हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याची जबाबदारी घेणारी ई-मेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वाय-फायवरून गेली होती. पोलीस पोचले त्यांच्या दारात, आणि चौकशीला तोंड द्यावं लागलं त्यांना. आपल्या केंद्रांवर आधीच वस्तीतल्या पुढाऱ्यांची, कधी पोलीस चौकीचीही मेहेरनजर असते. आपल्या वाय-फायवरून कुणी भलतंच काही पाठवलं तर काय होईल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे.

जाता जाता एक गोष्ट. हेडी लामार ही हॉलिवूडची नटी. मूळची व्हिएन्नाची, शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या नवऱ्याला सोडून १९३७ साली पळालेली. तिने आणि जॉर्ज अँथाईल या संगीतकाराने १९४२ मध्ये एक पेटंट मिळवलं. पाणतीराला दिलेला रेडिओ संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून तो सतत एका लहरीवरून दुसऱ्या लहरीवर उडी मारत राहील, अशी ती कल्पना. तिला 'वाय-फायची आई' म्हणतात ते जरा जास्तच आहे. पण १९९७ च्या पहिल्या वाय-फायमध्ये लहरी बदलत राहण्याचा एक प्रकार होता हे खरं. तेव्हा हे बायकांना जमणारं काम नाही असं कुणी म्हणालं तर हेडीचं नाव सांगा.

आता पासवर्ड. मी ओळखीच्या केंद्रांत चौकशी केली. एका ठिकाणी पासवर्ड म्हणजे केंद्राचं नाव आणि स्थापनेचं साल. एका ठिकाणी आपली नेहमीची घोषणा, आणि तीच दारावर पोस्टरवर! आमचा पासवर्ड होता केंद्राचा मोबाईल नंबर, जो बाहेरच्या पाटीवर रंगवलेला आहे. पाटीवर नसता तरी काय? आपले मोबाईल नंबर सहा, सात, आठ किंवा नवाने सुरू होतात. दहा आकडी सगळे नंबर धरले तरी चारशे कोटी होतात. आपल्याला हा आकडा प्रचंड वाटतो, ताकदवान कॉम्प्युटरला मात्र हे काही तासांचं काम. आणि हे त्याला आपल्या दारात उभं राहून करावं लागत नाही. आपलं एखादं यंत्र वाय-फायला जोडलं जातं तेव्हाची दोघांमधली ओळखपरेड त्याने बाहेरून टिपली की झालं. मग तो घरी बसून एकेक पासवर्ड लावून पाहतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

तेव्हा पासवर्ड लांब हवा. त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा: हंडा, फणस, सायकल असे. (हेच लिहू नका, आता ते शंभर जणींना माहीत झाले.) आणखी एक, डब्यावर डब्ल्यूपीएस नावाची सोय असते, आठ आकडी क्रमांक घालून जोडण्याची. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. पण डबा तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार बरोबर की चूक हे आधीच सांगून टाकतो. शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरूनच ठरतो. उरतात जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्न. ही खोट २०११ साली उघड झाली. ती सोय बंद करून टाका. डब्याच्या स्वतःच्या कारभाराचा एक वेगळा पासवर्ड असतो. बसवणारा पोरगा तो बहुधा 'अ‍ॅडमिन' असाच ठेवून जातो. तोही बदला, आणि नवा त्या पोराकडे राहू देऊ नका.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. दूरदेशीच्या कुठल्या हॅकरला आपल्या फायलींत रस नाही. आपल्या फायलींत रस आहे तो नवऱ्याला, दिराला, सासऱ्याच्या ओळखीच्या वकिलाला, कधी तिच्या स्वतःच्या भावाला. तो माणूस किल्ली फोडत नाही, मागतो. गोड बोलून मागतो, आणि आपल्याच बाकावर बसून मागतो. म्हणून जगातला सर्वांत मोठा पासवर्डही कामाचा नाही, जर तो पाण्याच्या माठाशेजारी कागदावर चिकटवलेला असेल.

आम्ही नंतर केलं ते असं. बहुतेक डब्यांत पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय सुरू करता येतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावरून इंटरनेट मिळतं, आपले कॉम्प्युटर दिसत नाहीत. घरातली ओसरी आणि माजघर, तसंच. नवरे, विद्यार्थी, देणगीदार सगळे ओसरीवर. 'पासवर्ड देता येत नाही' म्हणून कुणाशी वाद घालावा लागत नाही. कामाच्या वाय-फायचा पासवर्ड तिघींनाच, आणि कुणी काम सोडलं की त्याच दिवशी बदल. यात अविश्वास नाही. ताईसुद्धा सुटीवर जाताना किल्ली ठेवून जात.

फोल्डर शेअर करणं आम्ही बंदच केलं. फायली आता एकाच कॉम्प्युटरवर. त्याची संपूर्ण डिस्क सांकेतिक करून ठेवली आहे, म्हणजे कॉम्प्युटर चोरीला गेला तरी पासवर्डशिवाय काही वाचता येऊ नये. एक प्रत हार्ड डिस्कवर काढून कपाटात. कपाटाला पुन्हा काम मिळालं! आणि जुनी एक रीत परत आणली. नोंदीवर नाव नाही, फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ते एका वहीत, शाईने लिहिलेलं. ती वही कुठल्याच लहरीवरून जात नाही.

आता ज्या दोन गोष्टींचा मी आधी कधीच विचार केला नव्हता त्या सांगते, कारण त्यांचा संबंध आपल्या कॉम्प्युटरशी नाही, तिच्या मोबाईलशी आहे.

एखादी बाई आपल्याकडे तासन्‌तास थांबते, मुलांना काही दाखवायचं असतं, आपण तिचा मोबाईल आपल्या वाय-फायला जोडून देतो. मोबाईल ते नाव लक्षात ठेवतो. रात्री नवरा तिचा मोबाईल तपासतो. जोडलेल्या वाय-फायची यादी उघडतो. तिथे काय लिहिलं असेल? 'महिला सल्ला केंद्र'. ती भाजी आणायला गेली होती असं तिने सांगितलेलं असतं. आपल्या वाय-फायचं नाव साधं, कुणाचंही असू शकेल असं ठेवा. आमचं आता एका फुलाच्या नावाचं आहे. आणि निघताना तिच्या समोर, तिला दाखवून, ते नाव तिच्या मोबाईलमधून काढून टाका. नाव लपवून ठेवण्याची सोय डब्यात असते, तिच्या नादी लागू नका. नाव लपवलं की ज्या मोबाईलमध्ये ते साठवलेलं असतं, तोच मोबाईल जिथे जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसरी गोष्ट तिच्या घरच्या वाय-फायची. तो डबा बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर असतो, कारभाराचा पासवर्ड त्याच्याकडे असतो. कुठला मोबाईल कधी जोडला होता हे त्याला दिसतं. काही डबे कुठल्या संकेतस्थळांवर कोण गेलं त्यांची नावंही जपून ठेवतात. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असेल तर तिने काय वाचलं, काय लिहिलं हे त्याला दिसत नाही, पण कुठे गेली हे कळू शकतं. अनेक मुली सांगतात, "मी खाजगी खिडकी उघडून बघते." ती खिडकी फक्त त्या मोबाईलमध्ये नोंद राहू देत नाही. डब्याला सगळं दिसतंच. म्हणून आम्ही आता पहिल्याच भेटीत विचारतो: मोबाईल कुणी घेऊन दिला, सिमकार्ड कुणाच्या नावावर, घरचं वाय-फाय कोण बघतं? आणि सांगतो, आमच्याशी बोलायचं असेल तर घरच्या वाय-फायवरून नको. मोबाईलचं बिल त्याच्याकडे जात असेल तर त्या फोनवरूनही नको, शेजारणीच्या फोनवरून कर. पूर्वी आपण विचारायचो, "पत्र कुणाच्या पत्त्यावर पाठवू?" तोच प्रश्न आहे हा.

कायद्याचं थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याखाली नोंदणी झालेल्या संस्थांना घटनेचा अहवाल लिहून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा अधिकार आहे. म्हणजे आपलं लिखाण उद्या कोर्टात जाणार आहे, ते आज कुणाच्या हाती लागता कामा नये. बलात्कारित स्त्रीची ओळख छापणं हा गुन्हा ठरला तो मथुरा खटल्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली झालेल्या कायदेबदलात. आता ते भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. ती तरतूद चळवळीने लढून घेतली, आणि आपल्याच फोल्डरमधून ती ओळख बाहेर पडली तर कुणाला तोंड दाखवणार? २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचाही कायदा झाला. माहिती ठेवणाऱ्याने ती नीट राखली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आकडा ऐकून आमच्या खजिनदार बाई हसल्या. म्हणाल्या, "आधी अडीच लाख तर जमू देत."

यंत्राच्या पलीकडचा एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. आपण एवढं लिहितो कशासाठी? पूर्वी फॉर्मला एक पान होतं. आता निधी देणाऱ्यांचा वेगळा तक्ता, सरकारी योजनेचा वेगळा. जात, उत्पन्न, आधार क्रमांक, मुलांच्या शाळेचं नाव, फोटो. रडत आलेल्या बाईला आपण हे सगळं विचारतो आणि कुठल्या तरी कॉम्प्युटरवर चढवतो. जे लिहिलंच नाही ते कुठल्याच लहरीवरून जाणार नाही. आम्ही गेल्या वर्षी एका निधी देणाऱ्यांना कळवलं की आकडे देऊ, नावं आणि पत्ते देणार नाही. थोडी पत्रापत्री झाली, मग त्यांनी मान्य केलं. विचारल्याशिवाय आपण गृहीतच धरलं होतं की नावं द्यावीच लागतात.

त्या बाईच्या मैत्रिणीला मी हे सगळं सविस्तर सांगितलं, तिच्यापर्यंत पोचवा म्हणाले. पोचलं की नाही, माहीत नाही.

आता चहा आहे. त्यानंतर ज्यांनी केंद्राचा लॅपटॉप आणला आहे त्यांनी पुढच्या रांगेत बसावं. मी एक डबा बरोबर आणला आहे. पाहुण्यांचं वाय-फाय कसं सुरू करायचं ते तुमच्या हातांनी करून बघू. आणि शिबिराच्या वाय-फायचा पासवर्ड आत्ता फळ्यावर कुणी लिहिला आहे, तो कृपा करून पुसून टाका.